अबोल वाजविणारा : रिचर्ड राइट



कोणत्याहि मंडळीचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे हातीं प्रथम लागतात ते भांडणांचे कागद. कोण कोणास काय बोलला, कोण रुसून निघून गेला, कोणीं कोणावर कज्जा केला, याची नोंद ठळक अक्षरांत राहते. जो बोललाच नाहीं त्याची नोंद कोण ठेवणार? इंग्लंडांतील पिंक फ्लॉइड या नांवाच्या जगप्रसिद्ध रॉक वाद्यमंडळीच्या इतिहासांत नेमकें हेंच झालें आहे. सिड बॅरेटची प्रतिभा व त्याचें वेड, रॉजर वॉटर्सची लेखणी व त्याचा हट्ट, डेव्हिड गिल्मरची गिटार, यांवर पुस्तकामागून पुस्तकें निघालीं. ड्रम वाजविणाऱ्या निक मेसननें तर मंडळीचें चरित्र २००४ सालीं स्वतःच लिहून प्रसिद्ध केलें, तेव्हां त्याची सोय आपोआप झाली. राहिला तो पांचवा, ऑर्गन व पियानो वाजविणारा रिचर्ड राइट. आज त्याजविषयीं चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे.

माझें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. ज्या नादास जग पिंक फ्लॉइडचा नाद म्हणून ओळखतें, त्याचा पाया पुष्कळ अंशीं या मनुष्यानें घातला. आणि जी मंडळी त्यानें इतरांबरोबर उभी केली, तींतूनच त्याला एके दिवशीं निरोप देण्यांत आला. या दोन गोष्टी एकाच मनुष्याच्या बाबतींत कशा घडल्या, हा खरोखर विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

राइटचा जन्म २८ जुलै १९४३ रोजीं लंडनजवळील हॅच एंड येथें झाला. बाराव्या वर्षीं पाय मोडून तो घरीं पडून असतां आपलें आपणच गिटार वाजवूं लागला; पियानो आणि ट्रंपेट हीं वाद्येंहि त्यानें अशींच हस्तगत केलीं. १९६२ सालीं तो लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्यें वास्तुशास्त्र शिकावयास गेला. तेथेंच त्याला वॉटर्स व मेसन हे दोघे भेटले. इमारती बांधण्याची विद्या अर्धवट राहिली आणि वाद्यांची मंडळी उभी राहिली. सिग्मा सिक्स, टी सेट अशीं नांवें घेत घेत ती पुढें चालली. बॅरेट येऊन मिळाल्यावर त्यानें १९६५ च्या सुमारास पिंक अँडरसन व फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांचीं पहिलीं नांवें जोडून मंडळीचें नवें बारसें केलें. राइट मध्यंतरीं वास्तुशास्त्र सोडून लंडन कॉलेज ऑफ म्यूझिकमध्यें जाऊन आला होता. वॉटर्सची गिटार सुरांत आहे कीं नाहीं हें प्रयोगाच्या वेळीं त्यालाच पाहावें लागे व ती लावूनहि द्यावी लागे, असें राइट पुढें सांगत असे. जो मनुष्य दुसऱ्याचें वाद्य लावून देतो त्याचें काम प्रेक्षकांस दिसत नाहीं. चुकलें तर मात्र तेव्हांच ऐकूं येतें.

१९६७ सालीं मंडळीची पहिली मोठी तबकडी निघाली. ती बहुतांशीं बॅरेटची होती, आणि ती त्याचीच म्हणून गाजली हें योग्यच झालें. परंतु तीं गाणीं लक्ष देऊन ऐकिलीं म्हणजे बॅरेटच्या गिटारीच्या भोंवतीं राइटचा फार्फिसा ऑर्गन कसा धुक्यासारखा पसरलेला आहे तें ध्यानांत येतें. बिन्सन एकोरेक नांवाच्या इटालियन प्रतिध्वनियंत्रांतून तो आपल्या ऑर्गनचे सूर काढी. त्यामुळें एक सूर विरतो न विरतो तोंच त्याची सावली मागून येई. ‘अवकाशांतील संगीत’ म्हणून या मंडळीची जी ख्याती झाली, तिचें मूळ बऱ्याच अंशीं या यंत्रांत व तें योग्य जागीं वापरणाऱ्या बोटांत आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस बॅरेटचें मन ताळ्यावर राहीना. रंगमंचावर तो नुसता उभा राही, किंवा एकच सूर वाजवीत बसे. गिल्मरला मंडळींत घेण्यांत आलें आणि १९६८ च्या आरंभीं एके दिवशीं बॅरेटला बरोबर नेणेंच थांबलें. राइट व बॅरेट त्या वेळीं लंडनलगतच्या रिचमंड येथें एका घरांत राहत होते. “मी सिगारेट आणावयास जातों,” असें सांगून राइट घराबाहेर पडे, कार्यक्रम वाजवी आणि कांहीं तासांनीं परत येई. बॅरेट तसाच बसलेला असे. ही हकीकत राइटनें स्वतःच सांगितलेली आहे, व पुष्कळ लेखक ती गंमत म्हणून सांगतात. मला तींत गंमत दिसत नाहीं. मित्राला खरें सांगण्याचें धैर्य नाहीं, आणि मित्राला टाकून दिल्याचें दुःखहि लपत नाहीं, अशा कोंडींत सांपडलेला चोवीस वर्षांचा एक मुखदुर्बळ तरुण तींत दिसतो. मंडळीचे त्या वेळचे व्यवस्थापक पीटर जेनर व अँड्र्यू किंग यांचें मत असें होतें कीं, या सर्वांत खरी निर्मितिशक्ति असलेले दोघेच, बॅरेट आणि राइट. त्या दोघांनींच निराळी मंडळी काढावी, असाहि विचार निघाला होता. राइटनें तो मानला नाहीं. मात्र १९७० सालीं बॅरेटची दुसरी स्वतंत्र तबकडी निघाली ती तयार करण्याच्या कामीं गिल्मरबरोबर तोहि राबला.

आतां थोडें संगीताविषयीं बोलणें भाग आहे, नाहीं तर राइटचें काम काय होतें हें कळणार नाहीं. आपलें संगीत एका सुरामागून दुसरा सूर अशा वाटेनें चालतें. पाश्चात्य संगीतांत तीन-चार सूर एकाच वेळीं उठतात व त्यांच्या मेळावर गाणें उभें राहतें. वरचा सूर तोच राहिला तरी खालचा मेळ पालटतांच आनंदाचा विषाद होतो. ऐकणारा घरीं जातांना वरचा सूर गुणगुणत जातो. खालचा मेळ त्याच्या कानांत नकळत शिरलेला असतो, त्याची आठवण त्याला राहत नाहीं. आपल्या संगीत नाटकांत ऑर्गन वाजविणाऱ्याचें असेंच होई. ‘वन्स मोअर’ नटाला मिळे. पण ऑर्गन थांबला असता तर पद उघडें पडलें असतें. (पेटीच्या जातीला मान मिळण्यांत अडचणी फार. खुद्द आकाशवाणीनें १९४० सालीं हार्मोनियमला दार बंद केलें तें सुमारें तीन दशकें. आकाशवाणीवरूनच हें सांगतांना थोडी मौज वाटते.) आपल्या संगतकाराहून राइटचा अधिकार एका बाबतींत मोठा होता. दुसऱ्याच्या चालीला साथ देऊन तो थांबत नसे. पुष्कळदां मेळ तो आधीं शोधून काढी व गाणें त्यावर मागाहून बांधलें जाई.

‘एकोज’ ही रचना याचा उत्तम दाखला आहे. १९७१ सालच्या ‘मेडल’ या तबकडीची एक संपूर्ण बाजू तिनें व्यापिली असून ती तेवीस मिनिटांहून अधिक चालते. मंडळीजवळ त्या वेळीं तयार गाणें नव्हतें, नुसते तुकडे होते. राइटनें पियानोच्या वरच्या अंगाचा एक सूर लेस्ली नांवाच्या ध्वनिक्षेपकांतून सोडला. या ध्वनिक्षेपकाच्या आंत भोंगा गरगर फिरत असतो, त्यामुळें सूर कांपरा होतो व जवळ येऊन दूर गेल्यासारखा भासतो. खोल पाण्यांतून कोणी एकच हांक पुनःपुन्हां द्यावी, तसा तो सूर ऐकूं येतो. या एका सुरावरून पुढचा सगळा डोलारा रचला गेला. गाण्याचा भाग राइट व गिल्मर यांनीं दोघांनीं मिळून गायिला. दोघांचे आवाज इतके मिसळले आहेत कीं कोणता कोणाचा हें सांगणें अवघड जावें. श्रेय चौघांच्या नांवें लागलें, आणि तेंहि न्याय्य होतें. परंतु चौघांच्या नांवें लागलेलें श्रेय लोक पुढें आपापल्या आवडीनें वांटून घेतात, व त्या वांटणींत अबोल मनुष्याच्या वांट्याला थोडें येतें.

मार्च १९७३ मध्यें ‘द डार्क साइड ऑफ द मून’ प्रसिद्ध झाली. तिच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या असें मानतात. अमेरिकेंतील खपाच्या प्रसिद्ध यादींत १९७३ पासून १९८८ पर्यंत ती एकंदर ७४१ आठवडे होती. तिच्यांतील सर्व गीतें वॉटर्सनें लिहिलीं. काळ, पैसा, मृत्यु, वेड या विषयांवर इतक्या साध्या शब्दांत इतकें नेमकें लिहिणारा कवि रॉक संगीतांत दुसरा क्वचितच झाला असेल. त्याचें ऋण कमी लेखण्याचा माझा हेतु मुळींच नाहीं. पण त्या तबकडींतलीं जीं दोन स्थळें ऐकणाऱ्याच्या मनांत सर्वांत खोल उतरतात तीं राइटचीं आहेत.

पहिलें ‘अस अँड देम’. याची पियानोवरची रचना राइटनें १९६९ मध्यें अँतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘झब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटासाठीं केली होती. पडद्यावर दंगल चालली असतां खालीं हा शांत, उदास पियानो वाजावा अशी कल्पना होती. दिग्दर्शकानें ती घेतली नाहीं. तीन वर्षें पडून राहिलेला तो तुकडा मग युद्धाच्या निरर्थकतेवरील गाण्याचा पाया झाला. नाकारलेला कागद फाडून न टाकतां पेटींत जपून ठेवण्याचा हा एक फायदा!

दुसरें स्थळ ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. हा मृत्यूविषयींचा तुकडा असून त्यांत गीताचा एक शब्दहि नाहीं. राइटच्या पियानोवर काय घालावें हें ठरेना. तेव्हां जानेवारी १९७३ मध्यें एका रविवारीं क्लेअर टोरी नांवाच्या गायिकेस बोलावण्यांत आलें. शब्द नाहींत, चाल नाहीं. आवाजाला वाद्य समजून गावें, असें तिनें स्वतःच ठरविलें. ती गायिली, रविवारचा दुप्पट मेहनताना म्हणून तीस पौंड घेऊन घरीं गेली, आणि तिचा तो आक्रोश अजरामर झाला. २००४ सालीं तिनें कज्जा केला व २००५ सालीं तडजोड झाली. तेव्हांपासून रचनाकार म्हणून राइट व टोरी अशीं दोन नांवें येऊं लागलीं. ही हकीकत मी मुद्दाम सांगतों. ज्याच्या श्रेयाविषयीं आपण बोलत आहों, त्याच्याहि एका रचनेच्या श्रेयांत बत्तीस वर्षें दुसऱ्या कोणाचा वांटा दडून होता. मंडळीनें मिळून केलेल्या कामांत ‘हें कोणाचें’ हा प्रश्न वाटतो तितका सरळ नसतो, आणि अन्याय सोसणाऱ्याचे हात दर वेळीं कोरे असतात असेंहि नाहीं.

याच तबकडींतील ‘ब्रीद’ या गाण्यांत एका मेळाकडून दुसऱ्याकडे जातांना एक आडवळणाचा मेळ लागतो. तो आपण माइल्स डेव्हिस या अमेरिकन जॅझ वादकाच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीवरून उचलला, असें राइटनें पुढें आपण होऊन सांगितलें व पियानोवर वाजवून दाखविलें. लोक उसनें घेतलेलें लपवितात; हा दाखवीत बसला.

१९७५ च्या ‘विश यू वेअर हिअर’ मध्यें बॅरेटला उद्देशून रचलेली ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ ही नऊ भागांची रचना आहे. तिचा शेवटचा भाग एकट्या राइटच्या नांवावर आहे. वाद्यांचा आवाज विरत जात असतां अगदीं अखेरीस राइटच्या सिंथेसायझरवर बॅरेटच्या जुन्या ‘सी एमिली प्ले’ या गाण्याची चाल क्षणभर डोकावून जाते. लक्ष नसेल तर ती निसटून जावी इतकी ती थोडी आहे. सिगारेट आणावयास म्हणून घराबाहेर पडणाऱ्या त्या तरुणाला मित्राला जें सांगावयाचें राहून गेलें होतें, तें सात वर्षांनीं त्यानें असें सांगितलें, असें मला वाटतें.

येथून उतार लागला. १९७७ च्या ‘अॅनिमल्स’ या तबकडींत रचनाकार म्हणून राइटचें नांव एकाहि ठिकाणीं नाहीं. त्यानें कांहीं आणलें नाहीं असें इतर म्हणत. आणावयास वावच उरला नव्हता असें त्याचें म्हणणें. दोन्हींत तथ्य असावें. १९७९ सालीं ‘द वॉल’ चें काम निघालें तेव्हां मंडळीचा पैसा गुंतवणुकींत बुडाला होता, कराच्या भयानें परदेशीं जाऊन काम चाललें होतें, व राइटचा संसारहि मोडकळीस आला होता. तबकडी नाताळापूर्वीं बाजारांत यावी म्हणून काम लवकर आटपण्याचें ठरलें. राइट मुलाबाळांसह सुटीवर होता; सुटी मोडून येण्यास त्यानें नकार दिला. वॉटर्सनें निर्वाणीचा खलिता धाडला: तबकडी पुरी झाल्यावर राइटनें मंडळी सोडावी, नाहीं तर ती निघूं देणार नाहीं. राइट भांडला नाहीं. त्याचे दोघे सहकारी त्याच्या बाजूनें ठाम उभे राहिले नाहींत. चौदा वर्षांची भागीदारी अशा रीतीनें संपली.

दोष सर्वस्वीं वॉटर्सचा होता असें मी म्हणणार नाहीं. राइट त्या दिवसांत खचलेला होता व कामांत त्याचें मन नव्हतें, हें त्याच्या मित्रांनींहि सांगितलें आहे. परंतु खचलेल्या भागीदारास सावरून घेणें आणि त्याचा राजीनामा घेणें, या दोहोंत अंतर आहे. विशेषतः सगळी तबकडी माणसामाणसांमधल्या भिंतीविरुद्ध तक्रार करीत असतांना!

यापुढचा प्रकार नाटकांत शोभण्यासारखा आहे. १९८० व १९८१ सालीं लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळील युनियनडेल, लंडन व डॉर्टमुंड येथें ‘द वॉल’ चे ३१ प्रयोग झाले. प्रयोग चालू असतां प्रचंड भिंत उभी करावयाची आणि शेवटीं ती पाडावयाची, असा खर्चिक मामला होता. राइट यांत पगारी वादक म्हणून वाजवीत होता. प्रयोगांत नुकसान आलें तें तिघां भागीदारांनीं सोसलें, आणि राइटला त्याचा पगार मिळाला. मालक तोट्यांत व नोकर फायद्यांत, हा योग विरळाच! समोर बसलेल्या हजारों लोकांना यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. १९८३ मध्यें ‘द फायनल कट’ या तबकडीवर त्याचें नांव दिसलें नाहीं तेव्हां तो गेल्याचें जगाला कळलें. त्या तबकडींत वॉटर्सचे शब्द नेहमींप्रमाणेंच धारदार आहेत. पण ती ऐकतांना घराला छप्पर नसल्यासारखें वाटतें. राइटचें माप घ्यावयाचें असेल त्यानें ही तबकडी ‘विश यू वेअर हिअर’ च्या पाठोपाठ ऐकून पाहावी.

१९८५ सालीं वॉटर्सहि मंडळी सोडून गेला. गिल्मर व मेसन यांनीं १९८७ सालीं ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’ काढली तींत राइट परत आला, पण पुन्हां पगारीच. १९९४ च्या ‘द डिव्हिजन बेल’ मध्यें पांच रचनांवर रचनाकार म्हणून त्याचें नांव आलें, आणि ‘वेअरिंग द इनसाइड आउट’ हें गाणें तो स्वतः गायिला. पूर्ण भागीदारी मात्र कराराच्या कागदावर त्याहि वेळीं त्याला मिळाली नव्हती. १९९६ मध्यें त्यानें ‘ब्रोकन चायना’ ही स्वतःची तबकडी काढली. विषण्णतेच्या आजारावरची ही रचना फारशी खपली नाहीं. रात्रीं घरांत निजानीज झाल्यावर ऐकावी अशी ती आहे.

२ जुलै २००५ रोजीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें लाइव्ह ८ या कार्यक्रमांत वॉटर्स, गिल्मर, मेसन व राइट हे चौघे चोवीस वर्षांनीं एकत्र उभे राहिले. वृत्तपत्रांना बातमी हवी होती ती वॉटर्स व गिल्मर यांच्या समेटाची. राइट नेहमींप्रमाणें कडेला बसून वाजवीत होता. पुढल्या वर्षीं गिल्मरनें आपल्या दौऱ्यावर त्याला बरोबर नेलें. प्रत्येक गांवीं गिल्मर वादकांचीं नांवें सांगे, आणि राइटचें नांव उच्चारतांच लोक उठून टाळ्या वाजवूं लागत. तो थोडा गोंधळून हंसे. दौऱ्याचा शेवट २६ ऑगस्ट २००६ रोजीं पोलंडमध्यें ग्दान्स्क येथील गोदीच्या आवारांत झाला, व तेथें ‘एकोज’ वाजविण्यांत आलें.

१५ सप्टेंबर २००८ रोजीं कर्करोगानें राइटचें निधन झालें, वय पासष्ट. पिंक फ्लॉइड म्हणजे कोण या वादाच्या गदारोळांत राइटचें प्रचंड काम विसरलें जातें, अशा आशयाचें निवेदन गिल्मरनें त्या दिवशीं केलें. ग्दान्स्कच्या मैफलीचें ध्वनिमुद्रण आठवड्यानें बाजारांत आलें. २०१४ सालीं मंडळीच्या नांवें ‘द एंडलेस रिव्हर’ निघाली, ती मुख्यतः राइटनें १९९३ मध्यें वाजवून ठेवलेल्या तुकड्यांवरून. आणि राइटला होड्यांचा व समुद्राचा फार नाद होता म्हणून २०१५ सालीं गिल्मरनें त्याच्यावर होडीचेंच एक गाणें केलें, त्यांत राइटचा बोलण्याचा आवाज ठेवला.

इटलींतील पोम्पेई येथील प्राचीन रंगमंडलांत ऑक्टोबर १९७१ मध्यें या मंडळीनें प्रेक्षकांवांचून वाजविलें होतें व त्याचा चित्रपट झाला होता. त्यांत ‘एकोज’ आहे. उघड्या अंगानें गिटार वाजविणारा गिल्मर, आणि दुसऱ्या बाजूस केंस तोंडावर आलेला राइट. जुलै २०१६ मध्यें गिल्मर पुन्हां तेथें गेला. या वेळीं प्रेक्षक होते. लोकांनीं मागितलेलें पुष्कळ कांहीं त्यानें वाजविलें, ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ सुद्धां वाजविलें. ‘एकोज’ ही आपणां दोघांची गोष्ट होती, राइट नाहीं तर ती वाजवावयाची नाहीं, असें त्यानें ठरविलें आहे. ती त्या रात्रीं वाजली नाहीं.